तिसरी खुंटी

आमच्या बाहेरच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती. सगळ्या सागवानी, फक्त तिसरी पितळेची. ती माझ्या आईने गोव्याहून येताना पदरात बांधून आणलेली. पाहुणा पहिल्यांदा आला की आमची जुनी मोलकरीण कमलाबाई त्याची टोपी हातात घ्यायची आणि एका खुंटीवर लावायची. ती खुंटी मग त्याची. जन्माची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. माणूस वारला तर सुतक फिटेपर्यंत ती रिकामी ठेवायची, मगच नव्याला द्यायची.

ह्यात हौस नव्हती, सोय होती. गिरगाव केवढं? हातभर. सासरा आत बसलेला असताना जावई यायचा. मग दारातूनच त्याने खुंट्यांवर नजर टाकायची. ओळखीची टोपी दिसली की खोकायचंसुद्धा नाही, आल्या पावली जिना उतरायचा. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत माझ्या घरी सासरा-जावयाची गाठ पडली नाही. मोठमोठ्या लग्नांत पडते आणि भांडणं होतात.

बाकीचे नियमही साधेच. पिऊन यायचं नाही. आधी निरोप पाठवायचा. पैसे हातात द्यायचे नाहीत, तबकाखाली ठेवायचे आणि ते ठेवताना तोंड वाकडं करायचं नाही. मुलीला तिचं गाव विचारायचं नाही, बायकोची चहाडी करायची नाही. आवाज चढला की कमलाबाई विडा आणते. विडा आला म्हणजे बैठक संपली, उठायचं. आणि सगळ्यात मोठा नियम माझ्यासाठी: रस्त्यात, देवळात, बाजारात, कुठेही पाहुणा दिसला तर मी त्याला ओळखत नाही. माझ्या घरात टोप्या येतात. टोपीखाली कोण, ते मी बघत नाही.

मला सगळे माई म्हणायचे. घरात मी, कमलाबाई, आणि शेवंती नि लतिका. शेवंती तिशी ओलांडलेली, गाते. लतिका तिच्याहून लहान, गात नाही, पण ऐकून असं घेते की बोलणाऱ्याला वाटावं आपणच गातोय. ऐकून घेणं हा आमचा अर्धा धंदा. त्या वर्षांत तर पाऊण झाला. मुंबई महाराष्ट्रात पाहिजे म्हणून चळवळ पेटलेली. जो येई तो गादीवर टेकला की दिल्लीला शिव्या द्यायला लागे. शेवंती तंबोरा जुळवून बसलेली आणि हे द्विभाषिकाचं गाऱ्हाणं सांगतायत. एकदा ती मला आत येऊन म्हणाली, "माई, आज भैरवी पण गाऊ दिली नाही. म्हणे, आधी सीमाभाग."

टोप्यांचे रंगही बदलले. पांढऱ्या टोपीवाल्यांची रस्त्यात टोपी उडवत, म्हणून ते खिशात घालून यायचे आणि माझ्या दारात आले की बाहेर काढून झटकायचे. माझ्या खुंटीवर सगळे पक्ष शेजारी शेजारी टांगलेले असत. भांडण नाही.

तर ती पितळी खुंटी अप्पासाहेबांची. तिसऱ्या मजल्यावर आमच्या डोक्यावरच राहायचे. जुनं घराणं, एके काळी वाडी त्यांच्या आज्याची होती. आता भाडेकरूच, पण चालताना अजून जमीन स्वतःची असल्यासारखे चालत. चळवळीत आमच्या वाडीचे पुढारी तेच. हरताळ त्यांनीच पुकारला होता. मी मेली इमानाने दार बंद करून बसले, तर मागच्या दारावर टकटक, अप्पासाहेबच.

"अहो, आज हरताळ ना?" मी दाराआडून म्हटलं.

"तो दुकानांचा, माई. हे काय दुकान आहे?"

मला बरं वाटलं. माणसाने मान दिला की बाईला बरं वाटतंच. दार उघडलं.

मग तो नवा कायदा आला. आमच्यासारख्या घरांसाठीचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली की घर जाणार. आमचा घरमालक भित्रा. त्याने सांगितलं, चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने सही केली तर मी नोटीस काढतो, एकाचीही सही कमी असली तर मला कोर्टकचेरी नको. आणि कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, चाळीत समिती झाली. त्या काळात चार माणसं जमली की समितीच व्हायची. चाळ शुद्धीकरण समिती. अध्यक्ष अप्पासाहेब. चौथ्या खुंटीचे मनमोहन वकील, ते कायदेशीर सल्लागार. चिटणीस मात्र अच्युतराव, नवीन बिऱ्हाडकरू, पोस्टात कारकून. त्याला आमच्याकडे खुंटी नव्हती. सगळ्या समितीत तेवढाच एक खरा माणूस, आणि म्हणूनच सगळ्यांत धोक्याचा. तो घरोघर फिरून सह्या गोळा करणार होता.

मी कमलाबाईला म्हटलं, "हे घर गेलं तर आपण जायचं कुठे? ह्या वयात मी फोरास रोडच्या पिंजऱ्यात उभी राहू?" कमलाबाईने खुंट्या पुसायला घेतल्या. सगळ्या सह्या करणारे तिथेच टांगलेले, तिला दुसरं काय सुचणार?

मनमोहन वकिलांनी कायदा काढला की बाईंना तोंडावर सांगितल्याशिवाय सह्या घेता येत नाहीत. मग बैठक कुठे? अप्पासाहेबांच्या घरी देव आहेत. गॅलरीत पोरं खेळतात. शेवटी ठरलं, आमच्याच घरी. समितीवाल्यांच्या बायका म्हणाल्या, आम्हीही येणार. सरोजिनीबाई, म्हणजे अप्पासाहेबांच्या मंडळी, म्हणाल्या म्हणे, "पुरुषांना अशा ठिकाणी एकटं कसं सोडायचं?" मला सांगणाऱ्याने हसत सांगितलं, मी नाही हसले. पण आत झाडायला गेले तेव्हा थोडी हसले.

रविवारी सकाळी मंडळी आली. मी गाद्या उचलून सतरंजी अंथरली होती. आणि काय सांगू, ज्या पुरुषांनी माझे उंबरे झिजवले ते सगळे दारात चाचपडत उभे! मनमोहन वकील विचारतात, "चपला... चपला कुठे काढायच्या असतात इथे?" बारा वर्षं त्याच कोपऱ्यात काढतायत. दुसरे एक भिंतीकडे पाठ करून बसले, तिसरे छत बघत म्हणाले, "अरे वा, खोल्या मोठ्या आहेत ह्या." टोप्या कोणी काढेना. मे महिना, घाम कपाळावरून ओघळतोय, पण टोपी डोक्यावर घट्ट. मनमोहन वकिलांच्या उर्मिलाबाई म्हणाल्या, "अहो, टोपी काढा की, शिजाल." ते म्हणाले, "असू दे. सभा आहे."

अच्युतराव आला, हातात सह्यांचा कागद. भला माणूस. मला नमस्कारही केला. मग त्याने टोपी काढली, इकडे तिकडे बघितलं, आणि चकचकीत दिसली म्हणून पितळी खुंटीवर लावून दिली.

खोलीतले सगळे पुरुष त्या खुंटीकडे बघायला लागले. मी बघत होते ना. एकाने तर तोंडावर हात ठेवला. पण बोलणार कोण? बोलायचं म्हणजे नियम ठाऊक आहे हे सांगायचं.

अध्यक्ष उशिरा आले, अध्यक्ष उशिराच येतात. पुढे सरोजिनीबाई, काठापदराचं नेसलेल्या, मागे ते. माझ्याकडे बघितलंच नाही. नियमाप्रमाणे वागले म्हणायचं. उभे राहून भाषण सुरू केलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आपण मुंबईसाठी लढतो आहोत. परंतु जी मुंबई आपल्याला हवी, ती कशी हवी? स्वच्छ हवी! आपल्याच चाळीत, आपल्या लेकीबाळी ज्या जिन्याने जातात त्याच जिन्यावर हा... हा धंदा..."

आणि नजर भिंतीवर गेली.

हरताळाच्या दिवशी जे दुकान नव्हतं त्याचा आता धंदा झाला होता. पण मला राग यायला वेळच मिळाला नाही. मी त्यांचं तोंड बघत होते. ते म्हणाले, "हा धंदा इथून..." आणि परत खुंटीकडे. "हा धंदा..." पुन्हा खुंटी. जीभ अडली. मान लाल झाली. इतकी वर्षं तिथे दुसऱ्याची टोपी त्यांनी बघितली नव्हती. आणि ही तर कारकुनाची, तेलकट, कडेला उसवलेली.

"अच्युतराव," ते हळूच म्हणाले, "ती टोपी काढा तिथून."

"का हो, अप्पासाहेब?"

"काढा म्हणतो ना."

"राहू दे की, कुठे कोणाला अडचण..."

"अहो, माणसाला काही रीत आहे की नाही? ज्याची त्याची खुंटी असते! ती माझी आहे!"

बाहेर वाडीत कोणीतरी नारळ फोडला.

बिचारा अच्युतराव. काही कळलं नाही त्याला. "माफ करा," म्हणून त्याने टोपी काढली आणि सरळ शेजारच्या खुंटीकडे नेली. मनमोहन वकील सतरंजीवरून असे उठले की मांडीवरची छत्री लांब उडाली. "चौथी नको! चौथी नको हो, पाचवी घ्या, पाचवीवाले कऱ्हाडला बदलून गेले!"

उर्मिलाबाईंनी नवऱ्याची टोपी स्वतःच्या हाताने काढली आणि चौथ्या खुंटीवर लावली. ती तिथे अशी बसली, जणू तिच्यासाठीच घडवलेली.

सरोजिनीबाई मात्र उठल्या नाहीत. अप्पासाहेबांकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माई म्हणतात ना तुम्हाला? मग माई, मला एकच सांगा. ही खुंटी ह्यांच्याकडे किती वर्षं आहे?"

सगळ्या माना माझ्याकडे. अप्पासाहेबांचीही. मला ठाऊक होतं, तोंड उघडलं की ते संपले, आणि ते संपले की समितीही संपली. घर वाचलं. शेवंती आतल्या दाराला टेकून उभी होती, तिचे डोळे म्हणत होते, सांगून टाक, माई. आणि तो माणूस मला आत्ताच धंदा म्हणाला होता!

मी म्हटलं, "बाईसाहेब, माझ्या घरात टोप्या येतात. टोपीखाली कोण, ते मी बघत नाही. तुमच्या यजमानांना मी आज पहिल्यांदा बघते."

शेवंतीने कपाळावर हात मारला.

सरोजिनीबाई म्हणाल्या, "एवढं सगळं ऐकल्यावरही?"

"एवढं सगळं ऐकल्यावरही."

"हं." त्यांनी पदर सावरला. "अच्युतराव, तो कागद बघू. ठरावाचा सूचक कोण?"

अच्युतरावने अप्पासाहेबांकडे बघितलं. अप्पासाहेब गॅलरीतल्या कबुतरांकडे बघत होते.

"अनुमोदक?"

मनमोहन वकिलांना छत्री सापडत नव्हती.

"मग ऐका," सरोजिनीबाई म्हणाल्या. "ही बाई इथून गेली म्हणून ह्यांची टोपी घरी बसणार आहे का? ती जाईल कुठल्या तरी दुसऱ्या खुंटीवर. कुठल्या, ते मला कळणार नाही. आणि तिथली बाई हिच्यासारखं तोंड मिटून बसेल ह्याची खात्री कोण देईल? उद्या अख्ख्या गिरगावात आमची अब्रू टांगलेली. आमच्या घरची सही होणार नाही."

"सरोजिनी!" अप्पासाहेब म्हणाले.

"तुम्ही बसा. तुमचं भाषण झालं."

एक सही कमी म्हणजे नोटीस नाही. अच्युतराव गोंधळून म्हणाला, "पण वहिनी, शुद्धीकरणाचं काय?"

"ते मी घरी करते."

आवाज चढले होते, म्हणून मी कमलाबाईला खूण केली. तिने विड्याचं तबक आणलं. झालं, सगळे पुरुष सवयीने एकदम उठले. तबक बघितलं की उठायचं, शिकवलेलं होतं मी. अच्युतराव एकटा बसून राहिला आणि विडा मागू लागला. त्याला उठवावं लागलं.

जाताना सरोजिनीबाई दारात थांबल्या. "माई, ही पितळी खुंटी मला द्या."

"ती माझ्या आईची आहे हो."

"आणि टोपी माझ्या नवऱ्याची."

मी मान डोलावली. कमलाबाईने बत्ता आणला आणि खुंटी ठोकून काढली. भिंतीचा पापुद्रा सुटला. सरोजिनीबाईंनी ती पदरात गुंडाळली, अगदी माझ्या आईने बांधली असेल तशीच, आणि वर गेल्या. नवरा मागून. टोपी हातात धरून, कारण टांगायला जागा नव्हती.

पुढे दोन वर्षांनी राज्य मिळालं. सगळ्या गिरगावात दिव्यांच्या माळा. मी जिन्यात उभी होते. अप्पासाहेब फुलांचा हार घालून खाली उतरले, माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. दोघेही रीतीचे पक्के. पण मागून सरोजिनीबाई आल्या आणि थांबल्या, भर जिन्यात, चार माणसांसमोर. माझ्या हातावर पेढा ठेवला.

"माई, खुंटी छान आहे हं तुमची. चिंचेने घासली की लखलखते. दिवाणखान्यातच ठोकलीय. टोपी संध्याकाळी सात वाजता तिथे असते."

"वा," मी म्हटलं. "आमच्याकडे कधी इतकी वक्तशीर नव्हती."

त्या हसल्या आणि बोट ओठांवर ठेवून खाली गेल्या.

भिंतीतलं भोक कमलाबाई बुजवू म्हणते. मी बुजवू देत नाही. त्यात आता संध्याकाळी उदबत्ती खोचते.