मास्तरांनी दोऱ्याने मोजलेली वाट

या, असे जवळ सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. एका शिंप्याची आणि त्याच्या बायकोची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट लहानशी, पण तिच्यात चालणं पुष्कळ आहे.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत आणि बायकोला काकू. मास्तरांनी कापायचं, काकूंनी चुण्या घालायच्या, काज-बटण करायचं, असा पस्तीस वर्षांचा संसार. यंदा काकूंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि तीन महिने त्या अंथरुणाला खिळल्या. त्याच दिवसांत मुलीने कुणाकडून तरी मिळालेला एक फोटो पाठवला. मुलगी नर्स, तिची नुकतीच उंचावरच्या वाळवंटी मुलुखात बदली झाली होती. उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधोमध निळंशार तळं! काकूंनी फोटो औषधाच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि देवाला सांगितलं, "बरी झाले की या पाण्यापाशी मी माझ्या पायांनी जाणार. तू फक्त पाय शाबूत ठेव, पुढचं मी बघते."

देवाशी असं घरच्यासारखं बोललेलं देवालाही आवडत असावं. काकू उठल्या. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ मात्र बेताने.

दोघं मुलीकडे आली. पहिले पाच दिवस तिथल्या विरळ हवेची सवय होण्यातच गेले. सहावा दिवस तेवढा हातात होता. सातव्या दिवशी सकाळी परतीची बस.

मुलीने टेबलावर नकाशा पसरला. "दिवसभरात जाऊन येण्यासारख्या तीन वाटा आहेत. मी अजून एकही चाललेली नाही, तेव्हा तुम्हीच ठरवा. पण तीनच्या आत घरी या हं, नंतर वाळूचा वारा सुटतो." आणि ती ड्यूटीवर पळाली.

पहिली वाट गुहेची. ती काकूंनीच मोडीत काढली. "तीन महिने छत बघत पडले होते, आता दगडाचं छत बघायला जाऊ?" उरलेल्या दोन्ही तळ्याला जात होत्या. एक कोरड्या नदीच्या पात्रातून, वळणं घेत घेत. दुसरी डोंगराच्या सोंडेवरून, सरळ.

मास्तरांनी खिशातून दोरा काढला. दोन्ही वाटांवर तो नीट बसवला आणि टेपवर धरून निकाल दिला. "पात्रातली एकोणीस सेंटिमीटर, सोंडेवरची अकरा. संपला विषय."

"अहो, शेजारी कुणाला तरी विचारू की."

"माप घेतल्यावर विचारायचं काय? पस्तीस वर्षांत माझं माप कधी चुकलंय?"

"लग्नातला तुमचा कोट."

"तो वडिलांनी शिवला होता!"

"आणि माप कुणी घेतलं होतं?"

मास्तर पाण्याच्या बाटल्या भरायला निघून गेले.

साडेआठला दोघं सोंडेच्या पायथ्याशी होती. पहिला चढ मास्तर शीळ घालत चढले. दुसऱ्याला शीळ बंद झाली. तिसऱ्याला दोन्ही पिशव्यांसकट ते एका धोंड्याला टेकून उभे राहिले.

"काय झालं?" काकू मागून एकेक पाऊल टाकत येत होत्या.

"काही नाही. डोंगर बघतोय."

"बघा, बघा. नाकाला टेकलाय तुमच्या."

काकूंनाही धाप लागली होती. पोटाचा टाका ओढल्यासारखं झालं तशा त्या खाली बसल्या आणि नकाशा मांडीवर उघडला. सोंडेच्या जागी बारीक तपकिरी रेषांची नुसती दाटी होती. कोपऱ्यात लिहिलं होतं, दर रेषेला वीस मीटर चढ. काकूंनी रेषांवरून बोट फिरवलं आणि त्यांना हसू फुटलं.

"अहो मास्तर, या चुण्या आहेत! चुण्या घातलेल्या झग्याची तुम्ही कंबर मोजलीत. आत कापड किती दडलंय ते कोण बघणार?"

मास्तरांनी नकाशा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. चुण्या हे जन्मभर काकूंचं खातं, त्यांनी कधी लक्षच घातलं नव्हतं. "उतरू या," ते हळूच म्हणाले.

दोघं उतरून दोन वाटांच्या फाट्यावर आली तेव्हा अकरा वाजले होते. मास्तर घराकडे वळले. काकू वळल्या नाहीत.

"अगं, आता नको. तुला काही झालं तर?" मास्तरांनी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. "तुला कमी चालावं लागावं म्हणून मी जवळची वाट घेतली गं."

"मला कुठे कमी चालायचं होतं?" काकू म्हणाल्या. "तीन महिने तुम्ही मला काचेच्या भांड्यासारखं जपलंत. उपकार आहेत. पण भांडं आता चालायला लागलंय. पात्र सपाट आहे, जायला दीड तास, यायला दीड तास, इथून घर अर्धा तास. अडीचला घरात."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं आणि बायकोचा चेहरा पाहिला. "पाऊण वाजता असू तिथून मागे फिरायचं. पाणी दिसो न दिसो."

"कबूल."

पात्रात वाळू घट्ट होती. काकू आपल्या चालीने पुढे, मास्तर मुकाट मागे. एक वळण, दुसरं वळण; प्रत्येक वळणाला पुढे नुसते दगडच. पाऊण वाजायला चार मिनिटं होती. मास्तर घड्याळाचा हात पाठीमागे धरून चालू लागले. काकूंना सगळं कळत होतं. त्यांनीही मागे वळून पाहिलं नाही.

पाऊण वाजून सहा मिनिटांनी तळं दिसलं. फोटोतल्यापेक्षा लहान होतं आणि फोटोत मावलं नसतं इतकं निळं. काकू काठावर गेल्या, वाकल्या, ओंजळभर पाणी घेऊन पुन्हा पाण्यातच सोडलं आणि हात जोडले.

"वाजले किती?" त्यांनी विचारलं.

"पाऊण," मास्तर म्हणाले.

बाबांनो, बायांनो, तुमचा निरोप घेताना एवढंच मागणं. देवापुढे उभे राहाल तेव्हा या मास्तरांची आठवण काढा. आयुष्यात एवढं एकच खोटं बोलला तो माणूस. त्याच्या बाजूने दोन शब्द टाका.