काळं झाकण

मी एक जुनी तपासणीची पेटी आहे. हसू नका, मित्रांनो! जेवणाच्या डब्याएवढी असले म्हणून काय झालं? रक्ताच्या थेंबात आजाराच्या डीएनएचे चार धागे जरी लपले असले, तरी मी ते हुडकून काढते. आणि अशा मला लोकांनी बिनभरवशाची ठरवलं, याचा राग अजून डोक्यातून जात नाही.

मला ताईंनी घडवलं. ताई म्हणजे या प्रयोगशाळेतल्या संशोधक. माझ्या पोटात काचेची एक पट्टी बसते. तिच्यावर असा लेप आहे, की निळा उजेड पडला की त्यातून बारीकशी वीज वाहू लागते. त्या लेपावर ताईंनी डीएनएचे एकेरी धागे रोवले. आजाराचा धागा आला की तो आपल्या जोडीदाराला घट्ट चिकटतो, विजेची वाट अडते आणि वीज घटते. वीज घटली म्हणजे आजार आहे. किती सोपं! अट एकच, बाहेरचा उजेड आत येता कामा नये. म्हणून ताईंनी मला जाड, काळं झाकण केलं. ते लावताना त्या दर वेळी म्हणायच्या, "बस गं बाई अंधारात, आणि नीट बघ."

कित्येक वर्षं मी मान मोडून काम केलं. मग माझं कौतुक सुरू झालं आणि तिथेच घात झाला. पाहुणे येऊ लागले. विभागाचे मुख्य, म्हणजे सर, त्यांना माझ्यापुढे आणून उभं करायचे. पण काळ्या झाकणाखाली दिसणार काय, कपाळ? ताई परगावी गेल्या होत्या, तेवढ्यात सरांनी पारदर्शक झाकण करून घेतलं.

"आता बघा, कसा छान निळा प्रकाश दिसतो!" सर म्हणाले.

"अय्या, किती गोड!" एक पाहुण्या बाई म्हणाल्या.

गोड? अहो, मी काय शोभेची वस्तू आहे? माझं काळं झाकण चहाचे कप ठेवायला घेतलं आणि मला ठेवलं खिडकीशी, ऊन थेट पोटात.

त्याच आठवड्यात चिमणीचं रक्त आलं. चिमणी म्हणजे सात वर्षांची एक मुलगी. रक्ताच्या आजारावर तिचे उपचार चालले होते. आजाराचा मागमूस उरला नसेल तर सुया बंद, असं ठरलं होतं. तिच्या रक्तातले धागे माझ्या पट्टीला चिकटले. मला स्पष्ट जाणवलं! वीज घटलीही. पण खिडकीतल्या उन्हाने ती घट भरून काढली आणि माझ्या पडद्यावर उमटलं, 'काही आढळलं नाही'. मी ओरडून सांगणार तरी कशी? मला तोंड कुठे आहे! निकाल घ्यायला तिच्यासोबत आलेल्या बाबांनी चिमणीला तिथल्या तिथे उचलून घेतलं. "संपलं गं बाळा! आता एकही सुई नाही."

ताई परतल्या. झाकण पाहताच त्यांचा पारा चढला. "अंधारच काढून घेतलात, तर ही बघणार कशी?" त्यांनी कप बाजूला सारले, काळं झाकण पुसून माझ्यावर बसवलं आणि चिमणीच्या रक्ताचा उरलेला नमुना नव्या पट्टीवर पुन्हा तपासला. वीज घटली. घटलेलीच राहिली.

"यंत्र जुनं झालंय हो, भरवसा नाही त्याचा," सर म्हणाले.

जुनं! चूक यांची आणि बोट माझ्याकडे? अशा वेळी अंगाचा नुसता तिळपापड होतो.

बाप-लेकीला परत बोलावलं. "वेळेत कळलं, औषधं लगेच सुरू करू," ताई म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. चिमणीने मात्र बाही खाली ओढून धरली.

"बाबा, तू तर म्हणालास, संपलं!"

बाबांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर माझ्यापाशी होतं, पण मला विचारतंय कोण?

मित्रांनो, यंत्राचं कौतुक नाही केलंत तरी चालेल. त्याला काय लागतं, तेवढं जपा. ते पारदर्शक झाकण अजून कपाटात आहे, पुसून लख्ख ठेवलेलं. ताई आज पुन्हा परगावी गेल्या आहेत. उद्या पाहुणे यायचे आहेत, आणि चिमणीचं रक्तही उद्याच यायचं आहे. कुणीतरी माझं काळं झाकण माझ्यावर राहू द्या हो!