बाराव्या ओळीतला पदार्थ

मला बोर्डावरची रिकामी जागा बघवत नाही. हा गुण की रोग, यावर आमच्या घरात तीस वर्षांत एकमत झालेलं नाही. मी गुण म्हणतो. मी हाताने बोर्ड रंगवणारा माणूस. यंत्रातून चादरीसारखे बोर्ड छापून आणणाऱ्यांबद्दल माझं मत विचारू नका, जेवणाच्या गोष्टीत उगाच तोंड खराब होईल.

उशीराव माझा जुना मित्र. हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो सोफे आणि गाद्या शिवायचा, आणि उत्तम शिवायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे! परदेशातल्या भाच्याने मेक्सिकन पदार्थांची एक वही पाठवली आणि या पठ्ठ्याने मशीन, कात्र्या, कापूस सगळं विकून त्याच गाळ्यात मेक्सिकन हॉटेल काढलं. गल्लीत तोवर कोणी मेक्सिकन खाल्लेलंच नव्हतं, त्यामुळे स्पर्धा नव्हती.

भिंतीवरचा पदार्थांचा बोर्ड मीच रंगवला. खडू लावलेल्या दोरीने बारा ओळी आखल्या आणि मग वही उघडली, तर पदार्थ दहाच! उशीराव भांडी आणायला गेलेला. खाली दोन ओळी उघड्या पडलेल्या. अकराव्या ओळीत मी ‘थंड पाणी’ लिहिलं. बाराव्या ओळीला काही सुचेना. पण ब्रश ओला होता, हात बसला होता, वरची नावं सगळी गोल गोल होती. त्यांच्याच चालीवर मी लिहून टाकलं, ‘तुरोलिंदा’. त्यातली वेलांटी काय उतरली होती म्हणून सांगू! उद्या उशीरावाला सांगून पुसू असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याच्या कामावर गेलो. तिथे तीन आठवडे मोडले. तुरोलिंदा डोक्यातून साफ गेला.

काम संपलं त्या संध्याकाळी उशीरावाने आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं. बायकोने ठेवणीतल्या चपला काढल्या. हॉटेलातल्या खुर्च्या उशीरावाने स्वतः भरलेल्या, इतक्या मऊ की बसलो आणि टेबल हनुवटीला लागलं. आमच्याशिवाय गिऱ्हाईक एकच, शेजारच्या टेबलावरचे कप्तानकाका. हे जहाजावर कपडे धुवायला होते, पण जग पाहिलेला माणूस म्हणून गल्ली त्यांना कप्तान म्हणते, आणि त्यांनीही कधी कोणाला दुरुस्त केलेलं नाही.

आधी टाको आले. सहाच्या सहा एका मापाचे, टेपने मोजून कापलेले. चावले तर दात हलले. मग बरिटो आला. त्यात उशीरावाने सवयीप्रमाणे ठासून भरलं होतं; चमच्याने दाबला की बसायचा आणि सोडला की परत फुगायचा. बायकोने तो तीनदा दाबून पाहिला. मित्राचं हॉटेल, आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी चावत राहिलो.

“अहो, ते शेवटचं काय आहे?” बायको भिंतीकडे बघत म्हणाली. “अक्षर किती सुरेख आलंय!”

तीस वर्षांत या बाईने माझ्या अक्षराला चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणाली ती नेमकी आज, नेमक्या त्या ओळीला.

“ते नको,” मी म्हणालो. “ते जड असतं.”

“तुम्ही कधी खाल्लंत?”

तेवढ्यात उशीराव येऊन उभा राहिला. तीन आठवड्यांत माणूस निम्मा झाला होता.

“वहिनी, त्याच्यासाठीच तर बोलावलंय,” तो म्हणाला. “वहीतलं त्याचं पान कुठे गहाळ झालं देव जाणे. भाच्याला फोन केला, तर म्हणतो, मामा, तुरोलिंदा तर सगळ्यांना येतो, त्यात लिहायचं काय? दहा वेळा करून पाहिला. दर वेळी कप्तानकाका म्हणतात, मूळ चव नाही.”

“मूळ तुरोलिंदा आंबट असतो,” कप्तानकाका पलीकडून म्हणाले.

“आज अकराव्यांदा केलाय. जमला तर जमला, नाहीतर उद्यापासून शटर खाली.”

“अरे, एका पदार्थासाठी हॉटेल बंद करतोस?” मी म्हणालो.

“गादीत कापूस सांगून मी कधी चिंध्या भरल्या नाहीत. नमुन्यात दाखवलं तेच मालात द्यायचं. भिंतीवर लिहिलंय आणि मला येत नाही, मग मी कसला हॉटेलवाला? आणि बोर्ड तुझ्या हातचा. तू वहीत नसलेलं लिहिणार आहेस होय?”

तो आत गेला आणि तुरोलिंदा घेऊन आला. मक्याच्या दोन जाड चकत्या, मधे बटाटा, अननस आणि कसले तरी दाणे, आणि कडेने चक्क दोऱ्याने शिवलेलं. टाके असे एकसारखे की बघत राहावं. वर सोफ्याला बटणं ओढतात तशी चार ऑलिव्ह ओढून बसवलेली. ताटाच्या कडेला लहान कात्री.

“दोरा खायचा नाही,” उशीराव म्हणाला.

आम्ही टाके उसवले आणि खाल्लं. त्याची चव कशी होती, हे सांगायला ती असायला हवी होती. बायकोच्या दातांत दोरा अडकला. तो ओढता ओढता ती म्हणाली, “शिवलंय मात्र फार छान हो.” खोटं बोलणं तिला जमत नाही.

उशीराव आमची तोंडं बघत होता. मग त्याने ॲप्रन काढला, त्याची चौपदरी घडी घातली आणि टेबलावर ठेवली. “उद्या येऊन बोर्ड उतरव,” म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मशीन विकताना हा माणूस हसत होता, तो माझ्या एका वेलांटीपायी रडत होता. मला स्वतःची लाज वाटली.

“उशीराव, पान हरवलेलं नाही. असा पदार्थच नाही. ओळ रिकामी राहत होती म्हणून मी मनाने लिहिलं.”

बायकोने कपाळाला हात लावला. कप्तानकाका म्हणाले, “काहीतरीच! मी स्वतः खाल्लाय.”

उशीरावाने आधी बोर्डाकडे पाहिलं, मग ताटाकडे. आता ताट डोक्यात घालणार, या तयारीने मी खुर्चीतून उठायला गेलो, पण त्या खुर्चीतून पटकन उठता येत नाही.

“म्हणजे पदार्थ तुझा,” तो म्हणाला.

“माझा म्हणजे…”

“मग मी वेड्यासारखा जगाला का विचारतोय? सांग, कसा लागतो?”

त्याने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि कानामागची गादीवाल्याची पेन्सिल काढली. मस्करी करावी असा त्याचा चेहरा नव्हता. मी डोळे मिटले आणि लिहिताना मनात काय होतं ते खरोखरच आठवायला लागलो. डबा दुपारीच संपला होता, एवढं आठवलं. भूक लागली होती, तेही त्याला सांगितलं.

“गरम असतो,” मी म्हणालो. “मऊ असतो. दातांना त्रास देत नाही. आणि शिवलेला…”

पेन्सिल थांबली. या अख्ख्या हॉटेलात त्याला मनापासून येणारी शिवण ही एकच गोष्ट होती.

“…शिवलेलाच असतो. शिवण आहे तशी राहू दे.”

“आणि आंबट,” कप्तानकाका म्हणाले.

“आणि आंबट,” मी म्हणालो.

उशीरावाने सगळं लिहून घेतलं, ॲप्रनची घडी मोडली आणि तो पुन्हा बांधला.

“वहिनी, याला उद्यापासून रोज सातला पाठवा,” तो म्हणाला. “उपाशी पाठवा.”