पिस्टन आणि गुडघा

दत्ताराम पालवांनी विमा कंपनीत तीस वर्षं नोकरी केली ती लोकांच्या मोडक्या गाड्या बघण्याची. कुणाचा टेम्पो उलटला, कुणाच्या टॅक्सीचं नाक चेपलं, की पालव हजर. गाडीभोवती एक फेरी मारायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि म्हणायचं, "ओरिजनल पार्ट कशाला? लोकल टाका. गाडी जुनी आहे, डेप्रिसिएशन धरावं लागेल." डेप्रिसिएशन म्हणजे वस्तू जुनी झाली की तिची किंमत कापायची; या एका शब्दावर त्यांनी अर्ध्या मुंबईला रडवलं आणि दोन प्रमोशनं मिळवली.

मग ते रिटायर झाले आणि त्यांना ओरिजनलचा साक्षात्कार झाला.

लालबागची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. पालव नवरा-बायको बाविसाव्या मजल्यावर राहत. शेजारची बंद मिल साफ होत होती, तेव्हा कापसाच्या गाठी ओढणारा एक म्हातारा ट्रॅक्टर भंगारात निघाला. दत्तारामांनी तो भंगारवाल्याकडून उचलला आणि आपली चालती गाडी रस्त्यावर काढून त्याला पार्किंगमध्ये उभा केला. त्यांचे वडील त्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. स्वतः दत्ताराम गेटच्या आत एकदाच गेले होते, वडिलांच्या बोनसच्या दिवशी, पेढे खायला. पण त्या दिवसापासून ते "आमची मिल", "आमचा कामगार", "आमचा वारसा" असं बोलू लागले. सोसायटीतल्या लोकांना वारसा नको होता, पार्किंग हवं होतं. पण पालव एकदा बोलायला लागले की थांबत नसत, म्हणून कुणी विषय काढला नाही.

ट्रॅक्टर दुरुस्त करायला चिंचपोकळीचा दीपक मेस्त्री आला. डिझेल इंजिनांची कामं करणारा चाळिशीचा गडी, मालवणचा, म्हणजे पालवांच्याच मुलखातला. त्याने इंजिन उघडलं आणि सांगितलं, "काका, पिस्टन, लायनर, बेअरिंगं, वॉटर पंप, डिझेल पंप, सगळं बदलावं लागेल."

"सगळं बदलू," दत्ताराम म्हणाले, "पण जेन्युइन. लोकलचा एक वॉशरसुद्धा माझ्या ट्रॅक्टरला लागता कामा नये."

पार्ट निवडायला ते स्वतः नागदेवीला, सुट्या भागांच्या बाजारात, जाऊ लागले. दुकानात उभं राहून बेअरिंग कानाशी धरायचे आणि डोळे मिटून फिरवायचे, तानपुरा जुळवल्यासारखे. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "अंकल, बेअरिंग है, रेडिओ नहीं." ऑइल सीलचं रबर ते हुंगून बघत. बॉक्सवरचा होलोग्राम उन्हात धरून तिरका करत. हळूहळू नागदेवीत ते लांबून दिसले की दुकानदार जेवायला जाऊ लागले, सकाळचे अकरा असले तरी.

घरी आणलेल्या मालाची दुसरी परीक्षा बायकोच्या स्वयंपाकघरात व्हायची. मालन ज्या काट्यावर लाडवांचं बेसन मोजायची त्यावर पिस्टन चढले. एकाचं वजन चिमूटभर जास्त भरलं म्हणून सगळा सेट परत गेला. थर्मोस्टॅट वेळेवर उघडतो का ते बघायला तो दुधाच्या पातेल्यात उकळला. बेअरिंग गार केलं की नीट बसतं असं दीपक सहज बोलून गेला, तेव्हापासून फ्रीझरमध्ये बांगडा माशांच्या शेजारी बेअरिंगं झोपू लागली. रिकामे बॉक्स मात्र टाकायचे नाहीत. लग्न होऊन ठाण्याला गेलेल्या मुलीच्या, श्रेयाच्या, शाळेतल्या ट्रॉफ्या शोकेसमधून निघाल्या आणि तिथे पिस्टनचे बॉक्स मांडले गेले.

मालनने हे सगळं सहन केलं. तिचा उजवा गुडघा मात्र सहन करेना. लिफ्ट पार्किंगपर्यंत जात नसे, शेवटचा जिना पायीच उतरावा लागे, आणि दीपकला चहा द्यायला तीच उतरायची. परत चढताना कठडा धरून दर दोन पायऱ्यांना थांबायची. शेवटी श्रेयाने परळच्या डॉक्टर गौतम जाधवांची अपॉइंटमेंट घेतली आणि वडिलांना बजावून सांगितलं की बरोबर जायचं.

"गादी पार झिजलीय. हाडावर हाड घासतंय," डॉक्टर म्हणाले. "गुडघा बदलावा लागेल."

दत्तारामांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, चष्मा कपाळावर ढकलला. "ग्रीसिंग करून नाही भागणार?"

"म्हणजे?"

"ते जेलचं इंजेक्शन असतं ना."

"दोन वर्षांपूर्वी आला असतात तर दिलं असतं." डॉक्टरांनी टेबलावर धातूचे दोन गुडघे ठेवले. "हा आपल्याकडे बनतो. चांगला आहे, मेडिक्लेममध्ये पूर्ण बसेल. हा बाहेरून येतो, काकूंच्या हाडाला जास्त फिट बसेल. काकू चालत्याफिरत्या आहेत, माझी आई असती तर मी हा घातला असता. पण वरचा फरक तुमच्या खिशातून."

"आणि या दोन्हींच्या खालचं काही?"

"याच्याखाली काठी येते."

मालन खुदकन हसली. दत्ताराम हसले नाहीत. "डॉक्टर, मी याच लाइनमधला माणूस. मॉडेल बासष्ट वर्षं जुनं आहे. एक पार्ट नवा टाकला तरी बाकीची बॉडी तीच ना? डेप्रिसिएशन नको धरायला? आणि हिला कुठे पळायचंय? मेडिक्लेमचाच टाका."

डॉक्टरांनी मालनकडे बघितलं. तिने वाकून चपलेचा पट्टा नीट केला. तो नीटच होता.

दोघं टॅक्सीने परत निघाली. लालबागला गाडी थांबली तेव्हा दत्ताराम म्हणाले, "तू उतर. मी नागदेवीला जाऊन येतो, डिझेल पंपाचा जेन्युइन सेट आलाय." टॅक्सी पुढे गेली. मालन फुटपाथवर उभी राहिली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या माणसाचे डबे, शर्ट, आजारपणं, त्याच्या आईचं शेवटचं वर्ष, सगळं तिने ओढलं होतं, आणि आज परक्या माणसासमोर तिची गाडी जुनी निघाली. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो राग वर जाऊन चहाचा थर्मास भरून, जिना उतरून थेट दीपककडे गेला.

"दीपका, हे जेन्युइन पार्ट विकले जातीत काय रे?"

दीपकच्या हातातला पाना थांबला. "बॉक्स फोडलेत ना काकी. दुकानदार परत घेणार नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "पण पनवेलच्या एका शेतकऱ्याकडे हाच ट्रॅक्टर आहे. जेन्युइन माल शोधतोय, मिळत नाही त्याला. बॉक्स नसला तरी घेईल. का हो?"

मालनने का ते सांगितलं. दवाखान्यात जे झालं ते शब्दाला शब्द सांगितलं.

"म्हणजे यात लोकल घालायचे?" दीपकने डोकं खाजवलं. "काकी, लोकल चालेल, पण पळणार नाही."

"त्याका खय पळूचा आसा? वॉचमनच्या केबिनपर्यंत जातलो नि परत येतलो."

"आणि काकांना कळलं तर?"

"त्यांका बॉक्स कळता. पार्ट खय कळता?"

अडचण एकच होती. दत्ताराम प्लास्टिकची खुर्ची टाकून दिवसभर इंजिनावर पहारा देत. तेव्हा दीपकने इंजिन वर्कशॉपला न्यायला लावलं आणि पार्ट बसवायचा दिवस तोच ठरवला, ज्या दिवशी मालनचं ऑपरेशन होतं. त्या दिवशी पालवांना हॉस्पिटलात बसावंच लागलं. बसल्या बसल्या त्यांनी दीपकला पाच-सहा फोन केले. "हळू ठोक रे. जेन्युइन आहे." आत मालनच्या गुडघ्यावरही ठोकाठोक चालली होती, तिथे मात्र हळू ठोका म्हणून सांगायला कुणी गेलं नाही. श्रेयाला सगळं ठाऊक होतं. हॉस्पिटलचं सगळं तिनेच बघितलं. भेटायला येणाऱ्यांना दत्ताराम सांगत, "साधाच टाकला. उगाच शो कशाला?" आणि श्रेया खिडकीबाहेर बघत ओठ चावत बसे.

दसऱ्याला ट्रॅक्टर पार्किंगमध्ये उभा राहिला. लाल रंग, झेंडूचा हार, बॉनेटवर हळद-कुंकू. सोसायटीतली माणसं फुकटचे पेढे खायला जमली. मालन हातात काठी घेऊन खांबापाशी उभी होती. दीपकने किल्ली फिरवली, ट्रॅक्टर खोकला आणि धडधडू लागला.

"ऐका!" दत्ताराम ओरडले. "हा आवाज जेन्युइनचाच. लोकलचा आवाज मला झोपेतसुद्धा कळतो!" दीपक आपल्या बुटांकडे बघत होता. मग पालवांना चेव चढला. त्यांनी बायकोकडे हात केला. "आणि इकडे बघा. हिच्यात साधा टाकलाय. चालतेय की नाही? जिथे क्वालिटी लागते तिथेच क्वालिटी घालावी माणसाने."

लोक हसले. मालनसुद्धा हसली, पण वेगळ्या कारणाने.

दिवाळी झाली. मालनची काठी कोपऱ्यात गेली. तुळशीच्या लग्नाच्या आसपास पालवांनी जुन्या गाड्यांचा नाद असलेली मंडळी घरी बोलावली. हितेंद्र नावाचे त्यांचे अध्यक्ष टोपी घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून आले. दत्ताराम स्वतः सीटवर चढले आणि फेऱ्या मारू लागले. पहिली झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत बॉनेटमधून वाफ निघाली. पालवांनी ती मिरवणुकीचा भाग असल्यासारखी हात हलवून दाखवली. मग खडखडाट झाला, आचका बसला आणि ट्रॅक्टर वॉचमनच्या केबिनसमोर मेला.

दीपकने बॉनेट उघडून बघितलं. "वॉटर पंप गेला. पिस्टन जाम झालाय."

दत्ताराम खाली उतरले ते ओरडतच. "जाम होणारच! पार्ट ओरिजनल आणि मेस्त्री डुप्लिकेट! चिंचपोकळीत तुला कुणी स्क्रू पिळायला देणार नाही अशी व्यवस्था करतो. माझ्या जेन्युइन मालाची वाट लावलीस!"

दीपकने मान खाली घातली आणि कापडाने हात पुसत राहिला. वर जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मालनला हे बघवेना. ती जिना उतरून आली. कठडा न धरता उतरली, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"त्याला बोलू नका," ती म्हणाली. "पार्टच लोकल होते."

"काहीतरी बोलू नकोस. बॉक्स वर शोकेसमध्ये आहेत!"

"बॉक्स खरेच आहेत. आतला माल मी विकायला लावला."

हितेंद्रनी कॅमेरा खाली केला.

"मग जेन्युइन गेले कुठे?" दत्तारामांनी विचारलं.

"पनवेलला. एका ट्रॅक्टरमध्ये. तो शेत नांगरतो म्हणे. काय रे दीपका?"

"हो काकी. मस्त चाललाय."

"आणि पैसे?"

मालनने साडीवरूनच गुडघ्यावर टिचकी मारली. "इथे आहेत. डॉक्टर आपल्या आईला घालणार होते तो."

दत्ताराम तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले. आता हे किंचाळणार, असं वाटून वॉचमन दोन पावलं मागे सरला. पालवांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि बारीक आवाजात विचारलं, "याला वॉरंटी किती वर्षांची?"

आधी दीपक हसला, मग हितेंद्र, मग सगळं पार्किंग.

माफी मागणं हे पालवांच्या पॉलिसीत कधी कव्हर नव्हतं. ते काही दिवस फुगून बसले. मग सकाळी शिवाजी पार्कला फिरायला जाऊ लागले. तिथे ते काय बोलतात ते शेजारच्या अनुजाने येऊन मालनला सांगितलं: "आमच्या हिचा बाहेरचा आहे. मी डॉक्टरांना स्वच्छ सांगितलं, गुडघ्यात तडजोड नाही."

अनुजा पोट धरून हसत होती. मालनला हसू आलं नाही. रात्री जेवताना ती म्हणाली, "बाहेर काय सांगायचं ते सांगा. पण मला परत कधी मॉडेल म्हणालात तर मी श्रेयाकडे जाऊन राहीन."

"ते मी विम्याच्या भाषेत बोललो गं."

"घरात माणसाच्या भाषेत बोला."

दत्तारामांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "बरं," म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच निघालं. मालनने आमटी वाढली.

ट्रॅक्टर पुन्हा उघडायची हिंमत त्यांना झाली नाही, आणि दीपकला हाक मारायचं तोंड राहिलं नव्हतं. पुढे मिलच्या आवारात एक मोठं हॉटेल उघडणार होतं. त्यांना दारात शोभेला जुना ट्रॅक्टर हवा होता. चालतो की नाही हे न विचारताच त्यांनी पालवांचा उचलून नेला. दत्ताराम मात्र उद्घाटनाआधी एक दिवस शर्ट इस्त्री करून तिथल्या मॅनेजरला ट्रॅक्टरचा इतिहास सांगायला गेले. मॅनेजर पोरगेला होता, नम्र होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, बाकी ओके आहे. फक्त हा रंग खरवडून जरा गंज चढवता येईल का? फारच नवीन वाटतोय."

दत्ताराम घरी आले ते कुणी थोबाडीत मारल्यासारखे. मालन दारातच चप्पल घालत होती. तिला गिरगावला बहिणीकडे, राधाकडे जायचं होतं.

"अगं, गंज चढवा म्हणतो!" ते म्हणाले.

"राधाकडे चार दिवस राहणार आहे. चहा थर्मासमध्ये आहे, दुपारचा तुमचा तुम्ही करा," ती म्हणाली, आणि लिफ्टचं बटण दाबलं.