बाईजाआत्याचे चार तोडे

बाईजाआत्याची बँक तिच्या पायात होती. दोन्ही पायांत चांदीचे दोन-दोन जाड तोडे. हिरड्याला भाव आला त्या साली एक, शेळ्या विकल्या त्या साली दुसरा, असे जमवलेले. चालताना वरचा तोडा खालच्यावर आपटायचा. तो आवाज चार खाचरं ओलांडून ऐकू यायचा, त्यामुळे ती पोचायच्या आत ओट्यावरच्या मंडळींना विषय बदलायला भरपूर वेळ मिळायचा. किन्हवलीजवळच्या त्या वाडीत आत्यानं स्वतःबद्दल वाईट शब्द कधी ऐकला नव्हता. आपल्याबद्दल कुणी वाईट बोलतच नाही, अशी तिची समजूत होती.

हे सगळं बिघडवलं कमळूनं.

कमळू तिच्या भावाचा मुलगा. आईबाप गेल्यावर त्याला आणि धाकट्या शकूला आत्यानंच वाढवलं. फायनल पास होऊन तो शहापूरला लाकडाच्या वखारीत कारकून झाला. तिथल्या हेडकारकुनानं त्याला व्याज म्हणजे काय ते शिकवलं. वखारीत दुसरी करमणूक नव्हती. कमळूनं पोष्टात चार रुपये ठेवले, वर्षानं त्यावर एक आणा आला, आणि पोराचं डोकं फिरलं. त्या आण्यासाठी त्यानं काहीही केलं नव्हतं. तो जेवला होता, झोपला होता, मध्ये आठ दिवस तापानं पडला होता, आणि तेव्हाही तिकडे आणा तयार होत होता. एवढं सुख एकट्यानं भोगणं त्याला बरं वाटेना.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू झाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा.

"आत्या, तोडे पिल्लं देत नाय," तो म्हणाला. "पोष्टातले पैसे देतात."

आत्या नाचणी निवडत होती. "आन् ती पिल्लं सांभाळतं कोण?"

"सरकार."

"अर्धलीनं?"

शेळी दुसऱ्याला अर्धलीनं पाळायला दिली की निम्मी पिल्लं पाळणाऱ्याची, निम्मी मालकाची. गुंतवणुकीचा एवढा एकच कायदा वाडीला ठाऊक होता.

"अर्धलीनं नाय गो. सगळी पिल्लं आपली."

"मंग सरकारला काय मिळतं?"

हा प्रश्न कमळूला सुचलाच नव्हता. बहुधा हेडकारकुनालाही नसावा. "सरकार मोठं हाय," तो म्हणाला.

"शेळी मेली तर पाळणारा कातडं तरी दाखवतो. पैसे मेले तर?"

"पैसे मरत नाय, आत्या."

"चारी तोडे शकूच्या लग्नात द्यायचेत. मी तिला कबूल केलंय."

"लग्नापावतर चाराचे पाच होतील," कमळू म्हणाला, तेही तिच्या डोळ्यांत बघून.

मुरबाडच्या सोनारानं तेल लावून तोडे उतरवले आणि पंचावन्न रुपये दिले. शहापूरच्या पोष्टात आत्यानं अंगठा उठवला. कमळूला वाटलं, आपण एका बाईला अंधारातून उजेडात आणलं.

उजेडात तिला चालता येईना. इतक्या वर्षांचं वजन उतरलं होतं, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. ते जुन्याच जोरानं उचलले जायचे. महिनाभर आत्या खाचरातल्या बगळ्यासारखी गुडघे वर घेत फिरली. मग पाय जागेवर आले, आणि खरी आपत्ती सुरू झाली.

आत्या आता ऐकू येत नव्हती.

विहिरीवर भागीरथी तिच्या कंजूषपणाची गोष्ट रंगवून सांगत होती. गोष्ट संपली तेव्हा मागून आवाज आला, "भाकरी चार नव्हत्या, तीन व्हत्या." नवशा तिच्या कुंपणातली पपई काढून वळला, तर आत्या टोपली धरून उभी. म्हणाली, "पिकलेली वरती हाय." लोक तोंड उघडण्याआधी मागं बघू लागले. पुढं पुढं धोका नको म्हणून सगळे सगळ्यांबद्दल चांगलंच बोलू लागले आणि वाडीत बोलण्यासारखं काही उरलं नाही. आत्याला वर्गणी काढून तोडे घेऊन द्यावेत, असं चांगो एकदा म्हणाला. आत्या त्याच्या मागंच होती. "किती देतोस?" तिनं विचारलं. विषय तिथंच मिटला.

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. रॉकेल रेशनच्या चिठ्ठीवर आलं, साखर चिठ्ठीवर आली, शहापूरची मोटार पेट्रोल सोडून कोळशाच्या धुरावर चालू लागली आणि चढ आला की उतारूंना ढकलायला लावू लागली. शकूचं लग्न ठरलं. वैशाखातली तिथी निघाली. कमळूनं वखारीतल्या वर्तमानपत्रात चांदीचा भाव बघितला.

भाव दुप्पट झाला होता. पोष्टातल्या पंचावन्न रुपयांना इतक्या वर्षांत अडीच रुपयांची पिल्लं झाली होती. सगळे मिळून दोन तोडे येत होते. म्हणजे शकूच्या एकाच पायाचं लग्न होत होतं.

त्या दिवशी कमळूनं लाकूड चुकीचं मोजलं. पगारातून भर घालावी, तर महागाईत पगार पंधरा तारखेलाच संपायचा. शनिवारी घरी आला की आत्या त्याच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढायची. तो तुकडा खायची त्याला लाज वाटायची. परत ठेवावा तर आत्या कारण विचारणार, म्हणून तो खायचा, आणि खाल्ला म्हणून त्याला आणखी अपराधी वाटायचं. शेजारच्या घरात कुणी वांग्यांचा भाव विचारला तरी इकडं त्याला घाम फुटायचा.

"मुरबाडला जाऊन तोड्यांचं बघून ये रे," आत्या म्हणाली.

"सोनार आजारी हाय," कमळू म्हणाला.

एकदा आजारी पाडल्यावर सोनाराला बरं करणं परवडण्यासारखं नव्हतं. दर आठवड्याला कमळू त्याचं दुखणं वाढवत गेला. पोटापासून सुरू होऊन ते छातीत गेलं. आत्या हळहळली आणि तिनं अडुळशाचा काढा करून बाटली कमळूच्या हातात दिली. "माणूस भला हाय. नेऊन दे त्याला."

वाटेत बाटली ओतून देता आली असती. पण तिनं चुलीपुढं बसून केलेला काढा मातीत ओतणं म्हणजे दुसरं पाप. पहिलंच आवरत नव्हतं. रस्त्याच्या कडेला बसून कमळूनं अख्खी बाटली स्वतः प्यायली. काढा भयंकर कडू होता. आपल्याला हेच पाहिजे, असं त्याला वाटलं. पुढच्या आठवड्यात आत्यानं मोठी बाटली दिली.

खरं सांगायचं त्यानं ठरवलं होतं, पण शब्द जमत नव्हते. म्हणून दर रविवारी सकाळी गोठ्यात जाऊन तो आधी ढवळ्या बैलापुढं सराव करायचा. ढवळ्या शांतपणे ऐकायचा. तोडे विकायला त्यानं सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते सोपं जात असावं.

"आत्या, माझं चुकलं," एका रविवारी कमळू बैलाला म्हणाला. "मला काय कळत नव्हतं. एक आणा बघून मी हुशार झालो. तोडे पायात असते तर आज—"

"मागच्या ऐतवारी बरं बोलला व्हतास," मागून आवाज आला. "आज सोनाराचं गाळलंस."

कमळू वळला. आत्या गवताचा भारा घेऊन दारात उभी होती.

"कवापासून ऐकतेस?"

"संक्रातीपासून."

"मंग सोनाराला काढा कशाला दिलास?"

"त्या मोटारीच्या धुरानं खोकत व्हतास. तुला म्हणून दिला असता तर प्यायला असतास काय?"

कमळू खाली बसला. जिथं बसला ती जागा बसण्यासारखी नव्हती, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. "शिव्या तरी दे गो," तो म्हणाला.

"बैलासमोर?" आत्यानं भारा खाली टाकला. "तोडे मी काढले. तू वढले नायस. सरकारला काय मिळतं, मी इचारलं व्हतं. तुला जबाब आला नाय, तरी मी पाय पुढं केला. तेवढी चूक माझी. बाकीची तुझी."

यानं कमळूला हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं. सगळी चूक त्याची असती तर निदान मोजायला सोपी गेली असती.

"शकूला काय सांगायचं?"

"सांगितलं मी. दोन तोडे घ्यायचे. एका पायात एक."

"एकेक असला तर वाजत नाय गो."

"नकोच वाजायला. पयलं वरीस सासरी कोण काय बोलतं, कळू दे तिला. मला कळायला साठ वर्सं लागली." ती ढवळ्याला गवत घालू लागली. "राहिलेले दोन तू घ्यायचे, पगारातनं. घाई नाय. पण दर ऐतवारी भाव मला सांगायचा, खराखुरा. उतरला तर घ्यायचे, नाय तर थांबायचं. तवर थोडे पैसे पोष्टात, थोडे शेळीत. शेळी अर्धलीनं देऊ. तिथं कुणाला काय मिळतं ते मला समजतं."

वैशाखात लग्न झालं. शकू सासरी निघाली तेव्हा वऱ्हाड रडत होतं, मोटार चढावर खोकत होती आणि कमळू इतरांबरोबर ती मागून ढकलत होता. चढ संपल्यावर शकू खाली उतरून भावाला भेटायला मागं आली. ती अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळलं नाही. त्यानं तिच्या पायांकडं बघायचं टाळलं, आणि टाळलं हे तिनं बघितलं. "हलके हायत, दादा," ती म्हणाली. "बरं वाटतं चालायला." चढ संपला होता, तरी कमळू पुन्हा मोटार ढकलू लागला.

पुढच्या रविवारी तो गोठ्यात गेला. ढवळ्यानं मान वर केली. कमळूनं आधी मागं बघितलं. दारात कुणी दिसलं नाही. तरी त्यानं विचारलं, "आत्या, हायस का?"

"हाय. बोल तू," भिंतीपलीकडून आवाज आला.

"भाव आणखी चढला," कमळू म्हणाला.

भिंतीपलीकडच्या पायांत वाजायला तोडे नव्हते. ती तिथंच उभी आहे की निघून गेली, हे समजायला काही मार्ग नव्हता. म्हणून कमळू बोलतच राहिला.