राणीचा रिकामा गळा

सुज्ञ वाचकहो, एका न घातलेल्या हाराची आणि तो न घालणाऱ्या एका मानिनीची कथा येथे सविनय निवेदन करीत आहे. चित्त द्यावे.

हेमंतातली ती सुवर्णकेशरी सकाळ. करवीरनगरीच्या वेशीवर, उसाच्या हरितसागरात, चित्रपटासाठी उभारलेला प्लास्टरचा राजप्रासाद. पुढून फ्रान्स, मागून बांबू. बांबूंवर कोवळे ऊन चढत होते.

आत फ्रान्सची राणी सजत होती. नटीचे नाव मृणालिनी इंगवले. तिच्या कर्पूरगौर गळ्यासाठी आणलेला हार मखमली पेटीत झळकत होता. हिरे काचेचे, तेज मात्र नक्षत्रांचे.

मृणालिनीने राणीचे चरित्र वाचले होते. ज्या हाराची ही नक्कल, तो खरा हार राणीने नाकारला होता. ठकांनी तिच्या नावावर तो लाटला, आणि प्रजेने मात्र मनोमन तो तिच्याच गळ्यात पाहिला. न घातलेला हार, तोच तिला जन्मभर काचला.

आणि मृणालिनीच्या हातातल्या पाटल्या? तिच्या स्वतःच्या घामाच्या. गाव म्हणे, कुणा धनिकाने दिल्या.

हार घालणार नाही, असे तिने दिग्दर्शक जहागीरदारसाहेबांना सांगितले. लोक हार बघायला तिकीट काढतात, गळा बघायला नव्हे, असे म्हणून साहेब हसले. मग हसू मावळले. दुसरी राणी आणायला गाडी काढा, असे त्यांनी तिच्यादेखत फर्मावले.

“आणा की,” ती म्हणाली. “लोकांनी एकदा त्या खऱ्या राणीला हा खोटा हार घातलाय, साहेब. दुसऱ्यांदा तो माझ्या हातून घातला जाणार नाही.”

वेशभूषा सांभाळणाऱ्या गंगूआत्यांचा नेम होता : सवाष्ण, मग ती राणी असो वा रंभा, मोकळ्या गळ्याने कॅमेऱ्यापुढे जायची नाही. दागिना नसला तर झालरीखाली काळी पोत. पोत घेऊन त्या धावल्या.

“पोरी, राजा जित्ता हाय की अजून. अशीच जाशील व्हय?”

“आत्या, आज अशीच.”

गाडी निघता निघता साहेबांनी तिला एक शेवटची संधी दिली, आणि दिवे उजळले. जवाहिऱ्याच्या वेशातल्या नटाने गुडघे टेकून पेटी पुढे केली. राणीने मान लववायची, असे ठरले होते. मान लवली नाही. शुभ्र हात उचलला, आणि झाकण मिटले.

साहेबांच्या ओठांवर ‘कट’ आला, आणि तिथेच विरला. निघालेली गाडी त्यांनी हातानेच थांबवली.

गंगूआत्यांनी ती काळी पोत मिटल्या पेटीला गुंडाळली. सारी नक्षत्रे अंधारात. आणि प्रकाशात एक गळा, निराभरण, निष्कलंक, ताठ.

येथवर सोबत केलीत, ऋणी आहे.
आपला नम्र,
बाबाजी रावजी कांडगावकर