मातीच्या ओट्याला साबण

मी एक जुना मातीचा ओटा आहे. वयाने तिशी ओलांडलेला, अंगाने जाड आणि स्वभावाने अतिशय घाबरट. निवांत बसून राहणं मला कधी जमलंच नाही. दारात पाऊल वाजलं की मी कानोसा घेतो. कोण आलं? हातात काय आहे? फडकं की कुदळ?

मित्रांनो, हरारे शहरापासून लांब, मुटोकोच्या टेकड्यांमधल्या एका गोल स्वयंपाकघरात, दाराच्या बरोबर समोर, भिंतीला धरून मी बसलोय. आमच्याकडे मला चिकूवा म्हणतात. ओतिलिया या घरात सून म्हणून आली, तेव्हा तिने स्वतःच्या हातांनी मला घडवलं. वारुळाची चिकट माती, नदीची वाळू, गाईचं शेण. खाली रुंद पायरी, वर अरुंद, आणि गोल बुडाची मडकी कलंडू नयेत म्हणून छोटे छोटे खळगे. अंगात ओल होती तोवर नदीतल्या गुळगुळीत गोट्याने तिने मला रोज घासलं. आसपासच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. "हा ओटा आहे की आरसा गं?" म्हणायच्या. मी फुगून जायचो. खरं तर फुगणं मातीला चांगलं नाही.

माझ्यावर मडकी आणि ताटं राहतात, पण माझं काम तेवढंच नाही. माझ्यावर कुणी बसत नाही. घरातल्या वारलेल्या माणसांशी बोलायचं असेल, तर माझ्यासमोर गुडघे टेकून, हलक्या टाळ्या वाजवून बोलतात. ओतिलियाचा नवरा गेल्यापासून ती त्याला सगळ्या तक्रारी इथेच सांगते. "ऐकताय ना? तुमच्या लेकाने पुन्हा बकऱ्या मक्यात सोडल्या!" आणि नवी सून आली की तिचं नावही इथेच पूर्वजांना सांगायचं असतं. ते सांगेपर्यंत ती या घरात पाहुणीच.

माती फुकट मिळते, पण राखायला कठीण. दर आठवड्याला सारवायला हवी, भेग पडली की त्याच दिवशी बुजवायला हवी, आणि धुवायची मात्र कधीच नाही. ओतिलियाचे गुडघे दुखायला लागले, तसं आठवड्याचं सारवण महिन्यावर गेलं, मग सणावर. माझ्या कडेला भेगा पडल्या. वाळवीने डोकं वर काढलं. शेजाऱ्यांनी सिमेंटचे ओटे केले, वर लाल पॉलिश. कुणी फरशा लावल्या. आणि ओतिलियाचा लेक गिव्हमोर काळ्या दगडाच्या खाणीत कामाला. त्याने टाकाऊ म्हणून मिळालेली एक चकचकीत काळी लादी बैलगाडीतून आणली आणि अंगणातल्या आंब्याला टेकवून ठेवली.

"अमाइ, ही बसवू," तो आईला म्हणाला. "फडकं फिरवलं की काम झालं. हा ओटा आहे की म्हातारीचा गुडघा? सदा लेप लावायचा!"

"मी मेल्यावर बसव. माझ्या उरावरच बसव!" ओतिलिया कडाडली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लादी मला दारातून दिसायची. ना भेग, ना वाळवी, ना शेणाची गरज. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

मग गिव्हमोर लग्न करून हरारेहून येउकाइला घेऊन आला. पोरगी धडपडी. आठवडा झाला, दुसरा लागला, तरी ओतिलिया तिचं नाव पूर्वजांना सांगेना. "बघू टिकते का. शहरातली आहे," म्हणायची. येउकाइला ते लागायचं. सासूचं मन जिंकायला ती सगळ्यांच्या आधी उठायची, अंगण झाडायची, आंघोळीचं पाणी तापवायची. आणि एका सकाळी, ओतिलिया भुईमुगाच्या शेतात गेली असताना, ती माझ्याकडे वळली. तिच्या माहेरी दगडाचा ओटा. त्याला रोज साबण, रोज पाणी. माझ्या भेगांतली काजळी बघून तिला वाटलं, बाई गं, हा किती वर्षं धुतलाच नाही!

दोन बादल्या पाणी, साबणाचा फेस आणि तारेची घासणी. मी ओरडत होतो, "अगं नको, नको!" पण ओट्याचं कोण ऐकतं? घाण निघतेय असं समजून तिने आणखी जोर लावला, आणि निघत होतो तो मीच. बघता बघता वरची पायरी खचली. मडकी घरंगळली. सगळ्यात मोठं मडकं तिने मांडीवर झेललं आणि तशीच चिखलात बसून राहिली.

ओतिलिया परतली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आता मी त्यांच्याशी कुठे बोलू?" आणि बाहेर निघून गेली. त्यानंतर सुनेशी ती एक अक्षर बोलली नाही.

निरोप मिळताच ओतिलियाची नणंद आली, लोकार्डिया. गिव्हमोरची आत्या, सगळे तिला तेते म्हणतात. आमच्याकडे तेतेचा शब्द शेवटचा. "शनिवारच्या बसने हिला माहेरी पोचवा," तिने निकाल दिला. "सांगा त्यांना, ओटा राखायला शिकवा आणि मग पाठवा." येउकाइचं तोंड उतरलं. अशी परत गेलेली सून पुन्हा येतेच असं नाही.

"कशाला एवढं? मी आत्ता लादी बसवतो, भांडणच मिटेल," म्हणत गिव्हमोर दोन मित्रांसह लादी दारापर्यंत घेऊन आलासुद्धा. संपलो, मी म्हटलं. पण येउकाइ दारात आडवी उभी राहिली.

"मी मोडलाय, मीच बांधणार. आणि दगडाला काय कमी जपावं लागतं? आमच्याकडे कापलेलं लिंबू तसंच पडून राहिलं, त्याचा डाग अजून गेला नाही."

"बांधता येतो का तुला?" तेतेने विचारलं.

"नाही येत, तेते. तुम्ही शिकवा. शनिवारला तीन दिवस आहेत."

तेतेने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चल मग, शेण आण. नाक काय मुरडतेस? हरारेतल्या गाई काय अत्तर टाकतात?"

पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं आणि मी बसकण मारली. "साद्झाची उकड घोटतेस की ओटा करतेस?" तेतेने झापलं. दुसऱ्या दिवशी वाळू कमी पडली आणि मला तडे गेले. येउकाइने ते सगळं काढून पुन्हा मळलं. ओतिलिया अंगणात शेंगा फोडत बसायची. उठायची, दारापर्यंत यायची, परत फिरायची. तिच्या येरझाऱ्या आणि माझी धडधड, दोन्ही थांबेनात. शुक्रवारी दुपारी येउकाइ मला गोट्याने घासत होती, पण खडबडीत बाजू खाली धरून. ती खरखर बाहेर ओतिलियाला सहन होईना.

"अगं, अंग सोलशील त्याचं! सपाट बाजूने!"

ती आत आली. गुडघे धरत खाली बसली आणि सुनेच्या हातावर हात ठेवून तिने गोटा फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. मग तिने माझी वाकडी पायरी नीट बघितली. मला वाटलं, आता लाथ बसणार. पण तिने हलक्या टाळ्या वाजवल्या.

"ऐकताय ना? ही येउकाइ. आपल्या गिव्हमोरची बायको. हिला काही म्हणता काही येत नाही. पण मोडलेलं टाकून पळणारी नाही. उद्याच्या बसने ही कुठेही जाणार नाही. तुमच्या बहिणीलाही सांगा."

"ऐकलं, ऐकलं! मी काय बहिरी आहे?" तेते दारातून म्हणाली.

येउकाइला रडू फुटलं. ओतिलियाने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "बाहेर जाऊन रड बाई. अजून ओला आहे तो."

काळी लादी आता बाहेर विटांवर बसवलीय आणि तिच्यावर भांडी घासतात. पाणी तिला मानवतं, मला नाही. मित्रांनो, तुमच्या घरचा ओटा कशाचाही असो, त्याला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. आणि कुणाच्या हातून तो मोडलाच, तर त्याच्या हातात माती द्या, बसचं तिकीट देऊ नका.